दिल्ली–आग्रा–जयपूरची स्वस्त खाजगी टूर: पैसे वाचतात, दिवस जातो

‘दिल्ली–आग्रा–जयपूर, दोन रात्री तीन दिवस, खाजगी एसी गाडी, गाईड, हॉटेल, नाश्ता, चौघांचे मिळून फक्त 11,999.’ दिवाळीच्या सुट्टीआधी असे मेसेज सोसायटीच्या ग्रुपवर फिरायला लागतात. ॲडव्हान्स पाठवण्याआधी कागद-पेन घेऊन बसा.

दिल्ली ते आग्रा साधारण 230 किलोमीटर, आग्रा ते जयपूर 240, जयपूर ते दिल्ली 280. हे झाले 750. फतेहपूर सिक्रीचा थांबा आणि दोन शहरांतले फिरणे धरले की 850 च्या पुढे जाते. छोट्या सेडानचा दर किलोमीटरला 12 रुपये धरला तरी नुसत्या गाडीचे 10,200 झाले. त्यात टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा तीन दिवसांचा भत्ता अजून आलेला नाही. दोन रात्रींच्या दोन खोल्या नाहीत, दोन शहरांतले दोन गाईड नाहीत. मग 11,999 मध्ये हे सगळे बसते कसे?

कमी पडलेले पैसे दुकान भरते. संगमरवराचे शोरूम, चामड्याचे शोरूम, रजयांचे, खड्यांचे, आणि हायवेवरचा ठरलेला ढाबा. तुमची गाडी दारात आणून उभी केली की ड्रायव्हरला कूपन मिळते, आणि तुम्ही काही घेतले तर गाईड, ड्रायव्हर आणि टूरवाला यांचे कमिशन बिलातूनच निघते. म्हणजे टूर तुम्हाला विकलेली नसते, तुमचा वेळ दुकानदाराला विकलेला असतो. बहुतेक माणसे तिकिटाच्या पन्नास-शंभर रुपयांवर डोळा ठेवतात आणि अर्धा दिवस हातचा जातो.

आग्र्याचा दिवस कसा जातो पाहा. दिल्लीहून सकाळी सहाला निघालेली गाडी दहाच्या सुमारास पोहोचते. (डिसेंबर-जानेवारीत यमुना एक्सप्रेसवेवर धुके असते, तेव्हा अकरा-साडेअकरा धरा, त्या दिवसांत आदल्या रात्री आग्र्यात मुक्काम केलेला बरा.) गाईड गेटपाशी भेटतो आणि पहिल्यांदा हेच सांगतो की आत गर्दी फार आहे, पाऊण तासात बाहेर पडू. खरे तर ताजचे तिकीट तीन तासांसाठी असते आणि तेवढा वेळ लागतोही. बाहेर आल्यावर ‘फक्त दहा मिनिटे कारागीर पाहू’. तिथे दीड तास. मग ठरलेल्या हॉटेलात जेवणाचा एक तास. मग पेठ्याचे दुकान. प्रसिद्ध नावाच्या एकसारख्या पाट्या ओळीने लागलेल्या असतात आणि गाडी ड्रायव्हर ठरवेल त्याच पाटीखाली थांबते. आग्रा किल्ल्यासाठी उरतात चाळीस मिनिटे. दिवाण-ए-खास, मुसम्मन बुर्ज, जहांगिरी महाल, सगळे धावत.

किल्ल्यातली एक गोष्ट खास मराठी पर्यटकांसाठी राखून ठेवलेली असते. तुम्ही महाराष्ट्रातले आहात हे कळले की गाईड एखाद्या बंद दाराकडे बोट दाखवून सांगतो, ‘शिवाजी महाराज को यहीं रखा था’, आणि ते ‘खास’ दाखवण्याचे वेगळे पैसे मागतो. महाराज 12 मे 1666 रोजी औरंगजेबाच्या दरबारात आले, पण त्यांना किल्ल्यातल्या कोठडीत ठेवलेले नव्हते. ते किल्ल्याबाहेर, मिर्झाराजांचा मुलगा रामसिंह याच्या तळाजवळ, शहर कोतवाल फुलादखानाच्या पहाऱ्यात होते आणि तिथूनच ऑगस्टमध्ये निसटले. महाराजांचा अश्वारूढ पुतळा किल्ल्याच्या अमरसिंह दरवाजासमोर, रस्त्यावर आहे; तो पाहायला तिकीट लागत नाही. आपल्या मनातल्या जागेवर कुणी असा धंदा करावा हे फार लागते, म्हणून हे माहीत असू द्या.

आता ते ‘दहा मिनिटांचे’ कारागीर. दारात एक-दोन माणसे बसलेली असतात. एकजण हाताने फिरवायच्या चाकावर तांदळाएवढा खडा घासतो, दुसरा पांढऱ्या दगडात टोकदार छिन्नीने पाकळीएवढी खाच पाडतो. हे काम खरे आहे. पच्चीकारी म्हणतात ती हीच, आणि आग्र्यात ती उत्तम करणारे हात आजही आहेत. पण बाहेर दाखवलेले काम आणि आत विकायला ठेवलेला माल यांचा संबंध असेलच असे नाही. मग चहा येतो. दिवे घालवतात, ताटाखाली टॉर्च धरतात, लाल फुले निखाऱ्यासारखी पेटतात आणि दगड दुधासारखा उजळतो. ‘असली मकराना है, इसीलिए रोशनी पार होती है।’

या टॉर्चने काहीच सिद्ध होत नाही. राजस्थानातल्या मकराना गावच्या संगमरवरातून प्रकाश जातो हे खरे, पण अलाबास्टर नावाचा मऊ, स्वस्त दगड असतो, त्यातूनही जातो. खालच्या, न दिसणाऱ्या बाजूला नखाने जोरात ओरखडा काढा. अलाबास्टर आणि शंखजिरे (सोपस्टोन) दोन्ही नखाने ओरखडतात, संगमरवर नाही. किल्ली वापरू नका, किल्लीने खरा संगमरवरही ओरखडतो. शंखजिऱ्याला हात लावला की साबणासारखा गुळगुळीतपणा जाणवतो. ‘हळद सांडा, लिंबू पिळा, डाग पडणार नाही’ असे कुणी म्हणाले तर तिथेच उठा. लिंबाच्या आंबटाने खऱ्या संगमरवराची चकाकी जाते आणि हळद त्यात मुरते. फुलांचे रंगही नीट पाहा. खऱ्या खड्यांच्या दोन पाकळ्या कधीच हुबेहूब एका रंगाच्या नसतात; निळ्या लाजवर्दात ठिपके असतात, हिरव्या मॅलाकाइटमध्ये पट्टे असतात. सगळी फुले छापल्यासारखी एका रंगाची दिसली तर आत रंगवलेली पुट्टी किंवा प्लास्टिक भरलेले आहे.

बिल हा सगळ्यात मोठा सापळा. तोंडाने मकराना, लाजवर्द, अकीक सगळे सांगतात आणि बिलावर फक्त ‘हँडिक्राफ्ट आयटम’ लिहितात. पुढे तक्रार केली तर हे बिल तुमच्या उपयोगाचे नाही. घ्यायचेच असेल तर ‘संगमरवर, खऱ्या खड्यांची पच्चीकारी’ असे शब्द, मापे आणि जीएसटी क्रमांक बिलावर लिहून घ्या. लिहायला टाळाटाळ झाली की उत्तर मिळाले. आणि ‘टेबलटॉप कुरिअरने घरी पाठवतो’ याला होकार देऊ नका. दुसराच तुकडा येतो, किंवा तडा गेलेला येतो. हातात उचलून नेता येईल तेवढेच घ्या.

इतका वेळ बसलो, चहा प्यालो, आता काहीच न घेता कसे निघायचे, ही भीड आपल्या लोकांत फार. भीड भिकेची बहीण. चहाचे पैसे दुकानदाराने आधीच हिशेबात धरलेले असतात.

तिकिटांचे थोडक्यात सांगतो. ताजचे तिकीट सध्या भारतीयांना 50 रुपये, मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जायचे तर आणखी 200. पंधरा वर्षांखालील मुलांना तिकीट नाही, तरी पॅकेजमध्ये मुलांचे पैसे लावलेले असतात. भारतीयांसाठी ‘व्हीआयपी’ तिकीट अशी काही वेगळी चीज नाही; सुरक्षा तपासणीच्या रांगेत सगळेच उभे राहतात. तिकीट पुरातत्त्व खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा गेटवरच्या क्यूआर कोडवरून स्वतः काढा. सर्चमध्ये सगळ्यात वर येणाऱ्या जाहिराती बहुधा दलालांच्या असतात. अमेरिका-इंग्लंडहून आलेल्या नातेवाइकांकडे ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळते ते) असेल तर त्यांना भारतीयांचाच दर लागतो. कार्ड मूळ सोबत हवे. टूरवाला त्यांच्याकडून परदेशी दराचे 1,300 घेतो आणि 250 चे तिकीट काढतो, असे होते. म्हणून तिकीट हातात घेऊन वाचा.

ताज दर शुक्रवारी बंद असतो आणि दिल्लीचा लाल किल्ला सोमवारी. शुक्रवारची टूर विकून ‘मेहताब बागेतून दाखवू’ म्हणणारे आहेत. बागेतून दृश्य सुंदर दिसते, पण यमुनेच्या पलीकडून. उलट ‘आज बंद है’ असे सांगून दुकानाकडे वळवणारेही भेटतात, म्हणून हे दोन वार पाठ करा. ताजच्या 500 मीटर परिसरात पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे, त्यामुळे पूर्व दरवाजाकडे शिल्पग्रामच्या पार्किंगमध्ये उतरून बॅटरीवरच्या गाडीने किंवा पायी जायचे असते. ‘पायी सोडत नाहीत’ हे खोटे आहे.

फतेहपूर सिक्रीत गाडी गावात शिरण्याआधीच लपके धावत येतात. आग्रा-राजस्थानात अशा दलालांना हाच शब्द आहे. ‘पार्किंग पुढे आहे’, ‘गाईड कंपलसरी आहे’. गाईड कंपलसरी नाही. बुलंद दरवाजा आणि सलीम चिश्तींचा दर्गा पाहायला तिकीट नाही. तिकीट महालांच्या भागाला आहे. दर्ग्यात चादर चढवायला लावतात, ‘गरीब मुलींच्या लग्नाला जाते’ म्हणून. श्रद्धेने द्यायचे असेल तर दानपेटीत टाका, माणसाच्या हातात देऊ नका.

जयपुरातले खेळ थोडे वेगळे. जलमहाल ‘साईट’ म्हणून यादीत असतो, पण तो रस्त्यावरून बघायचा असतो, आत सोडत नाहीत. हवामहालाची दर्शनी बाजू रस्त्यावरूनच दिसते, प्रवेश मागून आहे. आमेर, जंतरमंतर, हवामहाल, अल्बर्ट हॉल वगैरेंचे मिळून एक संयुक्त तिकीट मिळते, दोन दिवस चालते; सिटी पॅलेस त्यात नाही. गाईड हे सांगत नाही, सुटी तिकिटे काढायला लावतो. पण जंतरमंतरला चांगला गाईड जरूर घ्या. सम्राट यंत्र या भल्यामोठ्या सूर्यघड्याळावर सावली कशी वाचायची हे कुणी समजावले नाही तर ते सगळे नुसते चुन्याचे जिने वाटतात, आणि तिथला अर्धा तास जयपूरमधल्या सगळ्या खरेदीहून मोलाचा आहे.

कपड्याच्या दुकानात चार ठशांनी रुमालावर हत्ती छापून दाखवतात, पाण्यात बुडवतात, रंग पालटतो, पोरे खूश होतात. ते हातछपाईचे काम आहे. मागच्या फडताळातली चादर मात्र बहुधा स्क्रीन प्रिंट असते. ठशाने छापलेल्या कापडावर जोडाच्या जागी रेघ किंचित सरकलेली दिसते आणि रंग मागे उतरलेला असतो. खड्यांच्या बाबतीत आमचे मत कडक आहे: टूरमध्ये माणिक, पाचू घेऊच नका. काच भरलेले माणिक साध्या डोळ्यांना ओळखू येत नाही आणि दुकानाने स्वतःच दिलेल्या सर्टिफिकेटला काही अर्थ नसतो. ‘हे खडे घेऊन जा, तिकडे आमचा माणूस दुपटीने घेईल’ असे परदेशात राहणाऱ्यांना सांगतात. तिकडे कुणीही येत नाही.

गाईड खरा की नुसता सांगकाम्या, हे दोन गोष्टींवरून कळते. परवान्याच्या कार्डावर फोटो, क्रमांक आणि मुदत असते. ते गळ्यात हवे, खिशात नव्हे, आणि फोटो समोरच्या माणसाचा हवा. दुसरे, आमेरला त्याला विचारा की मिर्झाराजा जयसिंह आणि जयपूर वसवणारा जयसिंह एकच का? पुरंदरचा तह 1665 चा, जयपूर वसले 1727 साली, दोघे वेगळे. हे न अडखळता सांगणारा गाईड मिळाला तर त्याला ठरलेल्यापेक्षा जास्त द्या.

ड्रायव्हरवर चिडू नका. त्याला टूरवाल्याकडून मिळणारे फार थोडे असते आणि कूपन हीच त्याची कमाई असते. पहिल्याच सकाळी त्याला सांगा, ‘दुकानात एकदाही थांबलो नाही तर शेवटी 500 जास्त देऊ’, आणि ते द्या. गाडीची नंबर प्लेट पिवळी आहे ना, हेही तेव्हाच पाहा. पांढऱ्या प्लेटची खाजगी गाडी भाड्याने चालवली आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे अडतात.

फसलात तर उशीर करू नका. शहरातच असाल तर पर्यटक पोलीस किंवा 112. पर्यटन मंत्रालयाची हेल्पलाइन 1363. राजस्थानात 2010 च्या पर्यटन व्यवसाय कायद्याखाली लपक्यांनी पर्यटकांना अशी गळ घालणे गुन्हा आहे. पैसे ऑनलाइन गेले आणि टूरवाल्याचा फोनच बंद झाला तर त्याच दिवशी 1930 या सायबर गुन्ह्यांच्या हेल्पलाइनवर कळवा. रक्कम पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवता येते. मालाबद्दल तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे आग्र्याच्या दुकानावरची तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. दोन वर्षांची मुदत आहे आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. म्हणून बिल, यूपीआयची पावती आणि व्हॉट्सॲपवरचे बोलणे पुसू नका.

ॲडव्हान्स पाठवण्याआधी टूरवाल्याला हा मेसेज करा: ‘गाडीचा प्रकार व पिवळी प्लेट, एकूण किलोमीटर, टोल-पार्किंग-भत्ता आत की बाहेर, दोन्ही हॉटेलांची नावे, गाईडचा परवाना क्रमांक, ताजमध्ये तीन तास, किल्ल्यात दोन तास, वाटेत एकही दुकान नाही. तुमचा जीएसटी क्रमांक पाठवा.’ आलेला क्रमांक जीएसटी पोर्टलवर टाका. तिथले नाव आणि यूपीआयवर दिसणारे नाव जुळले पाहिजे. ॲडव्हान्स वीस-पंचवीस टक्क्यांपेक्षा जास्त नको. लेखी उत्तराऐवजी ‘फोनवर बोलून घेऊ सर’ एवढेच आले, तर दुसरा टूरवाला शोधा.