अ‍ॅपर्चर अडकलंय: लेन्स दुरुस्त करावी, बदलावी की बॉडी उघडावी?

डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमधून आपण नेहमी पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरमधूनच (लेन्समधल्या पात्यांनी लहान-मोठं होणारं भोक) बघतो. पाती मिटतात ती फोटो निघतानाच्या क्षणापुरती, त्यामुळे ती अडकली तरी डोळ्याला कळत नाही. पुतणीच्या हळदीत एफ/८ वर (आकडा मोठा तितकं भोक लहान) काढलेले माझे फोटो पांढरेफटक येत होते आणि मी मीटरिंग, म्हणजे उजेड मोजण्याची पद्धत, बदलत बसलो होतो. तोवर नवरीला हळद लावून झाली.

दुकानात जाण्याआधी घरी एवढं करा. मॅन्युअल मोड, ऑटो आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता आपोआप बदलणं) बंद, समोर एकसारख्या उजेडातली भिंत. एफ/४ ला शटर १/२५० सेकंद, एफ/८ ला १/६०, एफ/१६ ला १/१५. तिन्ही फोटो सारखेच उजळ यायला हवेत. एफ/१६ चा फोटो ओव्हर (जास्त उजळ) गेला तर पाती मिटत नाहीत. कधी नीट, कधी ओव्हर येत असेल तर पात्यांवर तेल चढल्याचा संशय घ्या. मग दुसरी लेन्स लावून तेच करा. ती नीट चालली तर दोष पहिल्या लेन्समध्ये, तिच्यावरही तेच झालं तर बॉडीत, म्हणजे कॅमेऱ्यातच.

इथून कॅनन आणि निकॉनच्या वाटा वेगळ्या होतात.

कॅननच्या ईएफ माउंटमध्ये (लेन्स बॉडीला जोडण्याची रचना) १९८७ पासून बॉडीतून पाती हलवणारी यांत्रिक दांडी नाहीच. पाती हलवणारी मोटर लेन्समध्येच असते, म्हणून दोषही बहुधा तिथेच सापडतो. झूम फिरवताना आतली फ्लेक्स पट्टी (वीजजोडणीची लवचिक पट्टी) वाकते आणि वर्षानुवर्षांनी तडकते. पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला फोटो निघतात, जरा मिटवलं की स्क्रीनवर एरर ०१, म्हणजे लेन्सशी संपर्कात बिघाड. तेही कधी झूमच्या ठराविक टप्प्यावरच. आधी लेन्सच्या मागचे सोनेरी कॉन्टॅक्ट कोरड्या स्वच्छ कापडाने पुसून बघा.

निकॉनच्या डी आणि जी (नावातली अक्षरं) लेन्सना मागे छोटी दांडी असते. ती नखाने हलकेच सरकवा आणि सोडा: पाती झटकन मिटली पाहिजेत. रेंगाळली तर तेल. झटकन मिटतात, तरी सगळ्या लेन्सवर फोटो बिघडतात, तर बॉडीतली दांडी वाकली किंवा झिजली असणार. दोन गोष्टींना मात्र बिघाड समजू नका. स्क्रीनवर ‘एफईई’ दिसलं तर लेन्सची अ‍ॅपर्चर रिंग सर्वांत मोठ्या आकड्यावर लॉक करा. आणि डी९० सारख्या जुन्या बॉडीवर ई प्रकारच्या (विजेवर पाती हलवणाऱ्या) लेन्सचं अ‍ॅपर्चर उघडंच राहतं.

आता पैशांचं. १८-५५ किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत येणारी) दुरुस्त करू नका, सेकंडहँड घ्या. स्वस्त लेन्स उघडायलाही मेहनत तेवढीच लागते. ७०-२०० एफ/२.८ सारखी महागडी लेन्स मात्र जरूर दुरुस्त करा, आणि तडकलेल्या फ्लेक्सला सोल्डरचा डाग देण्याऐवजी शक्य असेल तर पूर्ण अ‍ॅपर्चर युनिट बदलून मागा. डाग दिलेली जागा झूम फिरवताना पुन्हा वाकते. कोकणात राहत असाल तर लेन्स उघडलीच आहे तेव्हा बुरशीही बघून घ्यायला सांगा. सुरुवातीच्या श्रेणीतल्या जुन्या बॉडीची दांडी गेली असेल तर मी बॉडीच बदलेन, लेन्स तशाच चालतात.

तिसरी वाट फक्त कॅननवाल्यांना: ५० एमएम एफ/१.८ ची पाती उघडी अडकली असतील तर त्याच अ‍ॅपर्चरला पोर्ट्रेटसाठी वापरत राहा. निकॉनच्या जी लेन्समध्ये दांडी तुटली की पाती मिटलेलीच राहतात, तिथे हे जमत नाही.

सेकंडहँड घेताना भिंतीची चाचणी विकणाऱ्यासमोरच करा, झूमच्या दोन्ही टोकांना आणि मधल्या टप्प्यांवरही.