स्कॉलर, स्कोपस, पबमेड, आयसाइट: खारघरच्या संशोधकाच्या सायटेशनचा हिशेब कुठे जुळतो?

एकाच संशोधकाचा एच-इंडेक्स, म्हणजे त्याच्या पेपरना मिळालेल्या सायटेशनवरून (इतरांनी दिलेल्या संदर्भांवरून) काढलेला आकडा, गूगल स्कॉलर या शोधयंत्रावर जास्त आणि स्कोपस या वर्गणीच्या डेटाबेसवर कमी दिसला, तर कुणी लबाडी केली असं लगेच धरू नका. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (तज्ज्ञांच्या तपासणीआधीच खुले केलेले पेपर), परिषदेतले निबंध असं जे सापडेल ते मोजतो. स्कोपस निवडलेली जर्नलं, ग्रंथ आणि परिषदांची इतिवृत्तंच मोजतो. म्हणून बायोडेटात नुसता आकडा लिहू नये, शेजारी सेवेचं नाव आणि पाहिल्याची तारीख हवीच.

एच-इंडेक्स हॉर्हे हिर्श यांनी 2005 साली मांडला. ज्या सर्वांत मोठ्या आकड्याइतक्या पेपरना प्रत्येकी किमान तितकीच सायटेशन मिळाली आहेत, तो आकडा म्हणजे एच. सात पेपरना 40, 22, 15, 9, 6, 5 आणि 2 सायटेशन असतील, तर एच 5 येतो: पाचव्या पेपरला 6 आहेत, सहाव्याला मात्र 5च. स्कॉलरचा आय-टेन इथे 3, कारण दहा किंवा अधिक सायटेशन तिघांनाच आहेत. पहिल्या पेपरचे 40 चे 400 झाले तरी एच हलत नाही, हे निवड समितीवर बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

स्कॉलर वापरायला सगळ्यात सोपा, पण मराठी आडनावांशी त्याचं जमत नाही. ‘एस पाटील’ किंवा ‘ए कुलकर्णी’ नावाची प्रोफाइल उघडली की त्यात भलत्याच पाटलांचे पेपर येऊन बसलेले असतात. प्रोफाइल बनवतानाच नवे लेख आपोआप जोडण्याचा पर्याय बंद करून ‘ईमेलने विचारा’ हा निवडा. एकाच पेपरच्या दोन नोंदी असतील तर दोन्हींवर टिक करून मर्ज करा. आकड्याशेजारी तारा दिसला तर त्यात दुसऱ्याच लेखाची सायटेशन मिसळलेली असू शकतात. तो आकडा उघडून तपासल्याशिवाय अर्जात घालू नये.

स्कोपसची अडचण उलटी. तिथे एकाच माणसाच्या दोन-तीन प्रोफाइल होतात, विशेषतः लग्नानंतर आडनाव बदललं किंवा मधलं नाव कधी लिहिलं, कधी गाळलं तर. वर्गणी नसली तरी लेखक शोधता येतो आणि प्रोफाइल एकत्र करण्याची विनंतीही फुकट करता येते.

पबमेड या वैद्यकीय पेपरांच्या मोफत सूचीवर लोक सर्वाधिक फसतात ते पत्त्यावर. लेखकाच्या नावासोबत पत्त्यात ‘नवी मुंबई’ टाकून शोधलं की यादी नीटनेटकी येते आणि ती पूर्ण आहे असं वाटतं. ती पूर्ण नसते. सगळ्या लेखकांचे पत्ते पबमेड 2014 पासून नोंदवतं. त्याआधी पहिल्याच लेखकाचा पत्ता असे. म्हणजे 2009 च्या पेपरात खारघरचा माणूस तिसरा लेखक असेल आणि पहिला परगावचा, तर तो पेपर या शोधात येणारच नाही. शिवाय अ‍ॅक्ट्रेकचंच, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरमधल्या कर्करोग संशोधन केंद्राचं उदाहरण घ्या. त्यातली कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट 2002 मध्ये परळहून खारघरला आली, त्यामुळे तिथल्या जुन्या शास्त्रज्ञाचे पेपर परळ, खारघर, टाटा मेमोरियल सेंटर आणि होमी भाभा नॅशनल इन्स्टिट्यूट अशा चार पत्त्यांवर विखुरलेले असू शकतात. चारही घालून शोधा, मग सहलेखकांची नावं पाहून उपरे पेपर वगळा.

ही यादी हातात आली की खरा उपयोग आयसाइटचा. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेची ही मोफत सेवा आम्हाला चौघींत सगळ्यात भरवशाची वाटते. पबमेडवर ‘सेव्ह’ दाबा, ‘ऑल रिझल्ट्स’ निवडा, फॉरमॅट पीएमआयडी (पेपरचा पबमेड क्रमांक) ठेवा आणि ती फाइल आयसाइटवर चढवा. प्रत्येक पेपरचा आरसीआर (रिलेटिव्ह सायटेशन रेशो, म्हणजे क्षेत्राच्या तुलनेत सायटेशन किती) मिळतो. त्या पेपरसोबत उद्धृत होणाऱ्या पेपरांवरून त्याचं क्षेत्र ठरतं आणि तुलना त्या क्षेत्राशी होते, 1.0 म्हणजे एनआयएचच्या पैशावर झालेल्या मधल्या पेपरच्या बरोबरीचा. कुष्ठरोगावर काम करणाऱ्याला कर्करोगवाल्याच्या गर्दीशी झुंजावं लागत नाही, हा मोठा न्याय आहे. मात्र वेटेड आरसीआर ही सगळ्या पेपरांच्या आरसीआरची बेरीज असते, पेपर वाढले की तीही वाढते. तुलनेला मीन (सरासरी) किंवा मीडियन (मधला आकडा) घ्या. पबमेडमध्ये नसलेले पेपर इथे येत नाहीत, अगदी ताज्या पेपरपुढे रकाना रिकामा राहू शकतो आणि शंभर लेखकांच्या पेपरात शंभराव्यालाही पहिल्याइतकाच आरसीआर मिळतो. म्हणून पहिला, शेवटचा किंवा पत्रव्यवहाराचा लेखक असलेले पेपर वेगळे काढून पुन्हा चालवा. एवढी पाच मिनिटं कुणी देत नाही, याचं वाईट वाटतं.

नव्यांनी ऑर्किड हा संशोधकाचा सोळा अंकी ओळख क्रमांक पहिल्या पेपरआधीच काढावा. तो फुकट आहे. जुने पेपर युरोप पीएमसी या पेपरसंग्रहाच्या जोडणीतून त्यात ओढता येतात. पबमेडमध्ये तो प्रकाशकाने पाठवला तरच दिसतो, तेव्हा हस्तलिखित चढवताना स्वतः भरा.

यादी समितीला देण्याआधी प्रत्येक पेपर पबमेडवर एकदा उघडून मागे घेतल्याची (रिट्रॅक्टेड) पट्टी आहे का पाहा. पेपर मागे घेतला तरी त्याची सायटेशन स्कॉलरच्या एच-इंडेक्समध्ये मोजली जाऊ शकतात.