शेक्सपिअरचं नाटक 'ज्युलिअस सीझर', टीपांसकट पेपरबॅक: बाइंडिंग रद्दी, टीपा एक नंबर

आधी तक्रार उरकतो. पाठीचा गोंद इतका कच्चा की तिसऱ्या अंकापर्यंत पानं सुटी व्हायला लागली, कागदही भेळेच्या पुडीचा. तरी परत नाही केली, कारण डावीकडे नाटक, उजवीकडे टीपा अशी मांडणी आहे आणि टीपा लिहिणाऱ्याने काम चोख केलंय.

ब्रूटस आणि त्याचे साथीदार कट करून सीझरचा खून करतात, त्यानंतरचं सीझरच्या दोस्ताचं, अँटनीचं ते भाषण माहिती असतंच आपल्याला, ब्रूटस सज्जन आहे, सज्जन आहे म्हणत म्हणत त्याची पार वाट लावतो ते. स्पर्धेत पोरं तेवढंच पाठ करतात. पण टीपा वाचल्यावर कळतं गडी किती पोचलेला आहे. सीझरचा फाटका झगा दाखवून सांगतो, हे भोक कटातल्या कास्काचं, हा वार ब्रूटसचा, अरे पण खुनाच्या वेळी तुला कटातल्याच ट्रेबोनियसने बाजूला नेलं होतं ना, तू बघितलंस कुठे? आणि वर म्हणतो मला बाबा ब्रूटससारखं बोलता येत नाही, मी आपला साधा माणूस!

मग सीझरचं मृत्युपत्र. प्रत्येक रोमकराला 75 द्राख्मा, शिवाय टायबरकाठच्या बागा सगळ्यांसाठी खुल्या. पब्लिक पेटतं, कटातल्या एकाचं नाव सिन्ना, तर सिन्ना नावाच्या भलत्याच कवीला नुसत्या नावावरून फाडतात. आणि लगेच पुढच्या प्रवेशात हाच अँटनी आपल्या साथीदाराला, लेपिडसला सांगतो, जा ते मृत्युपत्र घेऊन ये, वाटपाचा खर्च कुठे कापता येतो बघू. जाता जाता बोलून टाकतो, पुढे विषयच नाही. इथे मला जे आठवलं ते तुम्हालाही आठवेल, लिहीत नाही.

एक खटकलं, टीपाकाराने ब्रूटसला फारच सूट दिलीय. तोही काही धुतल्या तांदळाचा नाही, खून करायला निघालाय आणि म्हणतो आपण बळी देणारे होऊ, खाटीक नको. 2022 ला पुतिनने युक्रेनमध्ये रणगाडे घुसवले आणि नाव दिलं 'विशेष लष्करी कारवाई', युद्धाला युद्ध म्हणणाऱ्यांवर तिथे केसेस झाल्या, ते याच घराण्यातलं. 1973 मध्ये वॉटरगेटवर (विरोधी पक्षाच्या ऑफिसातली घरफोडी दडपायचं प्रकरण) अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सनच्या प्रेस सेक्रेटरीने आपलीच आधीची विधानं 'आता लागू नाहीत' म्हणून निकालात काढली, खोटं होतं एवढंच सोडून सगळं बोलला. ब्रूटस निदान स्वतःला आधी फसवतो, मग लोकांना.

मराठी मीडियमवाल्यांनी बिनधास्त घ्या, अवघड शब्दांचे अर्थ त्याच पानावर आहेत. फक्त आल्या आल्या बाइंडरकडून शिवून घ्या.