पावसात विमान उतरवण्याचा एक तास

अंधेरी पूर्वेला एका औद्योगिक वसाहतीच्या दुसऱ्या मजल्यावर विमानाचे सिम्युलेटर आहे आणि तिथे हौशी माणसालाही तासाच्या हिशेबाने वैमानिकाच्या खुर्चीत बसता येते. बहुतेक जण निरभ्र आकाश आणि मरीन ड्राइव्हवरची फेरी मागतात. मी जुलैतली मुंबई मागितली. पैसे वसूल झाले, पण त्याचे श्रेय यंत्रापेक्षा तिथल्या मार्गदर्शकांना अधिक आहे. हे गृहस्थ हवाई दलात मालवाहू विमानांवर नॅव्हिगेटर होते.

पहिला अर्धा तास आयएलएसचा, म्हणजे रेडिओ संकेतांच्या आधारे विमान उतरवण्याच्या यंत्रणेचा. धावपट्टीच्या पलीकडच्या टोकाहून येणारा रेडिओ संकेत दिशा सांगतो, विमान टेकण्याच्या जागेजवळचा दुसरा संकेत तीन अंशांचा उतार दाखवतो, आणि आपण दोन्ही खुणा मध्यावर धरायच्या. पहिल्या श्रेणीच्या आयएलएसवर २०० फुटांपर्यंत दिवे दिसले नाहीत, तर पुन्हा वर जायचे. ‘आत्ता दिसतील’ या आशेवर मी दीडशेपर्यंत उतरलो. सरांनी चित्र थांबवले आणि आशेला कॉकपिटमध्ये खुर्ची नसते, एवढेच शांतपणे सांगितले.

खरी मौज पुढे होती. त्यांनी त्या खुणा बंद केल्या, स्वतः शेजारच्या खोलीत गेले आणि केवळ आवाजावर मला खाली आणू लागले: ‘किंचित उजवीकडे आहात’, ‘उताराच्या वर आहात’. जमिनीवरून रडारवर विमान पाहत वैमानिकाला बोलून खाली आणायची, ही दुसऱ्या महायुद्धात भौतिकशास्त्रज्ञ लुइस अल्वारेझ यांच्या पुढाकाराने अमेरिकेत विकसित झालेली पद्धत १९४८-४९ मध्ये बर्लिनला विमानांनी धान्य आणि कोळसा पोहोचवताना खराब हवेत फार उपयोगी पडली, कारण तिच्यासाठी विमानात साध्या रेडिओखेरीज वेगळे उपकरण लागत नाही. शेवटच्या टप्प्यात वैमानिकाने उत्तर द्यायचे नसते. मात्र पाच सेकंद आवाज आला नाही, तर उतरणे सोडून वर जायचे. सर मुद्दाम गप्प झाले. मी सात-आठ सेकंद तसाच खाली जात राहिलो, आणि हात इंजिनाचा जोर वाढवणाऱ्या थ्रॉटलकडे गेलाच नाही हे नंतर लक्षात आले.

उणीव एकच, पण मोठी. पाऊस इथे फक्त काचेवर पडतो. धावपट्टी मात्र कोरडीच वागते आणि ब्रेक उन्हाळ्यातल्यासारखे लागतात. १ जुलै २०१९ च्या रात्री जयपूरहून आलेले विमान मुसळधार पावसात मुख्य धावपट्टीच्या पुढे गेले आणि ती धावपट्टी काही दिवस बंद राहिली, हे आठवणाऱ्या मुंबईकराला ही सूट खटकेल. खुर्चीही हलत नाही, पण त्याचे फारसे काही वाटले नाही.

शुल्क मल्टिप्लेक्समध्ये चौघांनी पॉपकॉर्नसह सिनेमा पाहावा तेवढे आहे. वेळ ठरवताना सर कधी असतात हे आधी विचारून घ्यावे. ते शनिवार-रविवारीच येतात, आणि इतर दिवशीचा तरुण प्रशिक्षक आयएलएस उत्तम शिकवत असला तरी बोलून विमान उतरवणे त्याच्याकडे मिळत नाही.