विंडव्हेन: अकरा महिन्यांच्या सागरी वापरानंतर

प्रशांत महासागरात गॅलापागोस बेटांहून मार्केसास बेटांकडे जाताना, सुमारे ३,००० सागरी मैलांपैकी ९०० मैल बाकी असताना, आमच्या विंडव्हेनच्या पाण्यातील पात्याची नळी मध्यरात्री तुटली. विंडव्हेन म्हणजे शिडाच्या नौकेचे सुकाणू विजेशिवाय सांभाळणारे यंत्र: वरचा पंखा वाऱ्याची दिशा टिपतो आणि पाण्यातील पाते दोरांनी सुकाणू ओढते. नौकेवर आम्ही दोघेच, मी आणि माझे पती. त्यामुळे ही विंडव्हेन म्हणजे आमच्यासाठी पहाऱ्यावरचा तिसरा माणूसच होता.

नळी तुटली याबद्दल माझी तक्रार नाही. तरंगता ओंडका आदळल्यास आधी ती तुटावी आणि सांगाडा वाचावा, म्हणून ती मुद्दामच कमकुवत ठेवलेली असते. पात्याला सुरक्षा-दोर बांधलेला असल्याने पातेही हाती लागले. तक्रार आहे ती निर्मात्याकडूनच निराळे पैसे मोजून घेतलेल्या सुट्या नळीबद्दल, कारण तिची बोल्टची छिद्रे दोन मिलिमीटरने चुकलेली होती. ब्रिटिश नौकानयनपटू ब्लॉन्डी हॅस्लर यांनी १९६० सालच्या अटलांटिकपार एकट्याच्या शर्यतीत स्वतः तयार केलेली विंडव्हेन वापरली, त्याला आता सहा दशके उलटून गेली. इतक्या जुन्या आणि पारखलेल्या कल्पनेवर उभे असलेले उपकरण विकणाऱ्यांना दोन छिद्रे एका रेषेत पाडता येऊ नयेत, हे मला अजूनही समजत नाही.

विजेवरचा ऑटोपायलट होता, पण आकाश सलग ढगाळ असल्याने सौर पॅनेलमधून बॅटऱ्या भरत नव्हत्या. म्हणून दोन दिवस आम्ही तीन-तीन तासांच्या पाळीने सुकाणू हातात धरले. लाटा थोड्या उतरल्यावर नौका थांबवली आणि पतींनी केबिनमध्ये बसून गोल कानशीने ते स्टीलचे छिद्र दीड तास घासून लांबवले. उपग्रहावरून पाठवलेल्या आमच्या पत्राला निर्मात्यांचे उत्तर आले ते इतकेच, की आघाताने झालेले नुकसान हमीत बसत नाही. आमचा प्रश्न आघाताचा नव्हताच, छिद्राचा होता.

एरवी या उपकरणाबद्दलचे माझे मत वर्षभरात पुष्कळ बदलले आहे. कॅनरी बेटांपासून कॅरिबियनपर्यंतच्या सुमारे २,७०० मैलांच्या प्रवासात पहिल्या आठवड्यात मी ते निरुपयोगी ठरवले होते, कारण नौका नागमोडी चालत होती. वारा पाठीमागून पंधरा नॉटचा (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) आणि नौकेचा वेग सहाचा, म्हणजे वरच्या पंख्याला जाणवणारा वारा जेमतेम नऊ नॉटचा उरतो, हे खरे. परंतु दोष मुख्यतः आमचा होता. मोठे शीड गरजेपेक्षा जास्त उघडे असल्याने नौकेचे तोंड सतत वाऱ्याकडे वळत होते आणि विंडव्हेनची सारी शक्ती त्याच्याशी झगडण्यात जात होती. ते शीड लहान करून पुढचे शीड काठीने बाहेर ताणून धरल्यावर त्याच दिवशी मार्ग सरळ झाला.

तेव्हापासून विजेचा एक थेंबही न खर्चता हे यंत्र दिवसरात्र सुकाणू सांभाळते. वारा आणि वेग वाढला की विजेवरचा ऑटोपायलट अधिक वीज मागतो. याचे पाते मात्र पाण्याच्या वेगावरच चालत असल्याने उलट अधिक जोरकस होते. काटकसरीने राहणाऱ्या जोडप्यासाठी याहून मोठा गुण मला दिसत नाही. वारा दिशा बदलतो तशी नौकाही वळते, म्हणून होकायंत्राकडे लक्ष ठेवावेच लागते. सुकाणूकडे जाणारे दोर कप्पीपाशी घासतात, ते आम्ही दर आठवड्याला हातभर सरकवून बांधतो.

बंदरात पोहोचल्यावर छिद्राची मापे आणि छायाचित्रे पुन्हा पाठवली, आणि चार पत्रांनंतर निर्मात्यांनी चूक मान्य करून नवी नळी विनामूल्य पाठवली. ती आम्ही धक्क्याला बांधलेल्या नौकेवरच बसवून पाहिली. बोल्ट हातानेच सरळ आत गेला. ज्यांच्याकडे सुटी नळी वेष्टनात तशीच पडून आहे, त्यांनी ती आजच उघडून बसवून पाहावी.