कातळावरच्या बागेतली एक किलोवॅटची पवनचक्की : आषाढात पास, पौषात नापास

आमची हापूसची कलमं देवगडकडच्या कातळावर आहेत. राखणदाराच्या खोलीपर्यंत लाइन आलेली आहे, पण मिरग लागला की कुठे ना कुठे फांदी तारेवर पडतेच. सोलरची दोन पॅनेलं होती, ती पावसात नावापुरती. म्हणून त्याच ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर ही छोटी पवनचक्की जोडली. कंपनीचं नाव लिहीत नाही.

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे पात्यांच्या आधी आतलं तांबं बघितलं. परमनंट मॅग्नेटचा जनरेटर, वाइंडिंग नीट भरलेलं, वार्निश शेवटच्या वेटोळ्यापर्यंत पोचलेलं. बेअरिंग ६२०५, म्हणजे कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळणारी. फायबरची तीन पाती, व्यास दोन मीटर. मशीनला नावं ठेवायला जागा नाही.

नावं ठेवायची ती खोक्यावरच्या आकड्याला. १००० वॅट मिळतात ते वारा सेकंदाला १२ मीटर, म्हणजे ताशी ४३ किलोमीटर असेल तेव्हा. वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने बदलते; वेग निम्मा झाला की ताकद आठवा हिस्सा उरते. सेकंदाला ५ मीटरची छान झुळूक, जिच्यात आपण अंगणात खाट टाकून पडतो, तिच्यात ही चक्की जेमतेम ७० वॅट देते. यात कंपनीची लबाडी नाही. बेट्झच्या नियमाप्रमाणे कुठलंच चाक वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त ऊर्जा काढू शकत नाही, आणि एवढ्याशा यंत्राला तीस टक्के मिळाले तरी पुष्कळ. पण कुठल्या वाऱ्यात किती वॅट मिळतात हा आलेख माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर का, हे विचारावंसं वाटतंच.

विक्रेता स्लॅबवर तीन मीटरचा पाइप उभा करून मोकळा होणार होता. मी ऐकलं नाही. घर आणि काजूच्या झाडांना आपटून आलेला वारा भोवऱ्यासारखा गरगरतो. त्यात चक्की नुसती तोंड फिरवत बसते आणि बेअरिंग खाते. जांभ्यात भोकं पाडून अँकर भरले, स्टे वायर ताणल्या आणि बारा मीटरचा, आडवा पाडता येणारा खांब घातला. खर्च जवळजवळ चक्कीइतकाच आला. घेणार असाल तर पैसा इथे घाला. हात आखडायचा असेल तर चक्कीच घेऊ नका.

पावसाळ्यात मात्र तिने जीव ओतला. नैऋत्येचा वारा रात्रीही थांबत नाही, त्यामुळे खोलीतले दिवे, पंखा, कॅमेरा आणि मोबाइल लाइनीशिवाय चालतात. बॅटऱ्या भरल्या की कंट्रोलर जास्तीची वीज हीटरच्या कॉइलमध्ये जिरवतो. आमचा नेपाळी राखणदार त्या जाळीजवळ ओले मोजे वाळवतो. शेजारच्या बागवाल्याची तेवढी तक्रार आहे: "ह्यो पंखो रातभर बोंबलता!" खरं आहे त्याचं. वारा फार झाला की शेपूट दुमडून चाक वाऱ्यातून बाजूला वळतं, आणि तेव्हा फडफड बरीच लांब जाते.

एक गोष्ट माहितीपत्रकात ठळक छापायला हवी होती. ब्रेकचा स्विच तिन्ही फेज शॉर्ट करतो, म्हणजे जनरेटरच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडून चाक रोखतो. तो वादळ येण्याआधी टाकायचा. चक्की पूर्ण वेगात असताना टाकलात तर वाइंडिंग जळायला वेळ लागणार नाही, आणि मग ते माझ्यासारख्याच्या टेबलावर येईल. वादळाचा इशारा असेल तर आम्ही सरळ खांबच आडवा करतो.

खाऱ्या हवेसाठी सोबत आलेले मुलामा दिलेले नट पहिल्याच पावसात तांबूस झाले. मी ३१६ स्टेनलेसचे घातले. मानेतल्या स्लिप रिंगवरही (चक्की कुठेही वळली तरी वीज खाली तारेत उतरवणाऱ्या कड्या) खार बसतो, दिवाळीनंतर साफ कराव्या लागतात. सर्व्हिस म्हणजे फोनवर पाठवलेला व्हिडिओ. माणूस काही आला नाही.

थंडीत वारा पडतो आणि चक्की शोभेला उरते, पण तेव्हा ऊन भरपूर असतं आणि पॅनेलं काम उचलतात. नुसत्या चक्कीच्या भरवशावर मी फ्रिज लावणार नाही. शहरातल्या इमारतींच्या गर्दीत गच्चीवर लावायचा विचार असेल तर तेवढ्या पैशात आणखी पॅनेलं घ्या. किनाऱ्यालगतचा उघडा सडा, म्हणजे कातळाचं पठार असेल, पावसाळ्यात वीज हवी असेल आणि पाना हातात धरायची तयारी असेल, तर जरूर घ्या. पाचपैकी साडेतीन, अर्धा तारा सर्व्हिससाठी कापलाय, बाकीचा एक त्या नटांसाठी.