सफरचंद म्हणून बोरीची रोपं गळ्यात मारली, ६,२३० रुपये गेले

चार रोपांचे ४,६००, ‘खास माती-औषधा’चे १,२८०, घरपोच आणायचे ३५०. सगळे यूपीआयने, एका रविवारी, मुलुंडमध्ये रस्त्याकडेला टेम्पो लावून रोपं विकणाऱ्याला दिले. पैशापेक्षा लाज जास्त वाटतेय.

मी काही अडाणी नाही. लेकीच्या हट्टापायी सफरचंदाच्या बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून ७५ दिवस फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या. थंडी मिळाल्याशिवाय त्या धड रुजत नाहीत हे मला ठाऊक होतं. बारातल्या पाच रुजल्या. मे महिन्यात रोपं खिडकीतून उचलून थेट गच्चीत ठेवली आणि चार दिवसांत करपली. ती चूक माझीच. आधी सावली, मग सकाळचं तासभर ऊन, असं आठ-दहा दिवस सवय लावायला हवी होती. लेक रडत होती, आणि पुढच्याच आठवड्यात हा भेटला. ‘बियांच्या नादी कशाला लागता ताई, सहा-आठ वर्षं फळ नाही, आलं तरी त्याच जातीचं नाही. कलम घ्या, एचआरएमएन-९९.’ यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. कमी थंडीत येणारी ही जात खरंच आहे. म्हणून तर फसले.

रोप कुंडीत लावताना बोटाला काटा टोचला. सफरचंदाला काटा? फोन केला तर म्हणाला, ‘ज्यावर कलम बांधलंय तो खुंट रानटी आहे, काटे खुंटाचे. पानामागची पांढरी लव बघा की.’ लव होती. पण बुडापासून निघालेल्या तीन ठळक शिराही होत्या, आणि सफरचंदाच्या पानाला मधोमध एकच शीर असते. माझ्याच करपलेल्या रोपाचं पान लेकीच्या वहीत जपून ठेवलेलं होतं. दहा पावलांवर. ते काढून शेजारी धरलं नाही, याची चीड अजून जात नाही. कलमाचा जोडही पाहिला नाही. बुंध्यावर जोडाची गाठ दिसल्याशिवाय कलमाचे पैसे देऊच नका. पावसाळा संपता संपता नाशिकहून दीर आले, त्यांनी लांबूनच सांगितलं, ‘वहिनी, ही गावठी बोर आहे.’

पोलीस ठाण्यात तासभर बसवलं. ‘रोप दिलंय ना त्याने? मग फसवणूक कसली? ग्राहक मंचात जा.’ टेम्पोवाल्याचा पत्ता कुठून आणू? बँकेत गेले तर, ‘पिन तुम्हीच टाकलात.’ पुन्हा ठाण्यात गेले तर साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्या खेपेला अर्ज घेतला, पण पोच दिली नाही. पोच घेतल्याशिवाय हलू नका, आणि १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर त्याच दिवशी फोन करा. मी चार महिन्यांनी केला.

त्याचा नंबर अजून चालू आहे. काल स्टेटसला लाल सफरचंदांनी लगडलेल्या कुंडीचा तोच फोटो होता. रोपाचा भाव आता १,२५०.